भित्रो डॉक्टर आणि अळणी पेज

मालवणच्या बाजारपेठेत माझा दवाखाना होता तेव्हा लोक मला माझ्यामागे ‘भित्रो डॉक्टर’ म्हणत. माझ्यामागे म्हणायचं इतकंच, माझ्या कानावर ते रोज येई. रिक्षावाला पेशंटला विचारायचा, “खंय सोडू? त्या भित्र्याकडे?” आणि माझ्याच दारात आणून सोडायचा. मला राग येत नसे, कारण खोटं काहीच नव्हतं त्यात. तापाचा पेशंट घरी गेला तरी ताप उतरला का म्हणून संध्याकाळी मीच फोन करायचो. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला ‘गॅस असेल’ असं सांगून मी कधी घरी पाठवलं नाही. आता दवाखाना बंद करून घरी बसलोय, तरी भलत्या वेळी फोन वाजला की मी आधी बॅग शोधतो.

या अंकाच्या संपादकांनी हार्मोन्सवर सोप्या भाषेत लिहा म्हणून गळ घातली. मी म्हटलं, मी त्या विषयातला तज्ज्ञ नव्हे, साधा फिजिशियन. हार्मोन्सची मला जितकी माहिती आहे त्याहून भीती जास्त आहे. ते म्हणाले, मग भीतीबद्दल लिहा. त्यांना वाटलं आपण विषय बदलून दिला, पण तसं काही झालं नाही, कारण भीती आणि हार्मोन्स यांचं घर एकच आहे.

आधी थोडं शास्त्र उरकून घेऊ. आपल्या अंगात काही ग्रंथी अशा आहेत की त्यांना नळी नाही. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, ती लाळ तोंडात आणून सोडते. या मंडळींना तशी वाटच नाही. जे काय तयार होतं ते थेट रक्तात सोडतात आणि रक्त ते अंगभर फिरवतं. पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात, पेशंट हार्मोन म्हणतात, मीही तेच म्हणतो. एका मास्तरांनी मला विचारलं होतं, की ते अंगभर फिरतं तर सगळ्याच अवयवांवर परिणाम का करत नाही? मी म्हटलं, मास्तर, देवळात ढोल वाजला की गावभर ऐकू जातो, पण उठून जातो तो ज्याचा मान असतो तोच. बाकीचे आपली नांगरणी सोडत नाहीत. अवयवांचंही तसंच असतं. मास्तर स्वतः मानकऱ्यांच्या घरातले, त्यांना लगेच पटलं.

आता भीती. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांना अ‍ॅड्रिनल म्हणतात. रस्त्यात साप आडवा आला की त्यांच्या गाभ्यातून एक हार्मोन रक्तात फेकलं जातं. मग छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो. आमच्या पूर्वजांनी रक्ताची तपासणी केली नव्हती, पण भीतीची वर्णनं अशी अचूक करून ठेवली आहेत की मला पेशंटला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. हे झालं गाभ्याचं. पण दचकणं म्हणजे निभावणं नव्हे. आलेल्या संकटाला पुरून उरायचं बळ त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या सालीतून येतं. ताप असो, अपघात असो, बाळंतपण असो, ती साल दोन गोष्टी करते. एक म्हणजे रक्तदाब आणि साखर धरून ठेवते. दुसरी म्हणजे अंगातलं मीठ राखते. ही मिठाची गोष्ट लक्षात ठेवा.

कारण नसताना भीती वाटणारी माणसंही माझ्याकडे यायची. एक बँकेतला शिपाई होता, अंगानं दणकट, मिशा अशा की ठेवीदार बिचकत. तो माझ्यासमोर बसून रडला. “डॉक्टरानू, माका भिया वाटता. कसला तां म्हायत नाय. दिवसाढवळ्या वाटता.” घरच्यांनी देवचाराची बाधा झाली असं ठरवून नारळ-कोंबडा सगळं करून झालं होतं. मी त्याला हात पुढे करून बोटं ताणायला लावली आणि बोटांवर औषधं लिहायच्या पॅडातला एक कागद ठेवला. कागद वाऱ्याशिवाय थरथरत होता. ही जुनी युक्ती आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती आणि सगळं अंग उगाचच धावत सुटलं होतं. गोळ्यांनी काही महिन्यांत कागद स्थिर झाला. मग त्याची बायको तक्रार घेऊन आली, “ह्यो भियेलेलो होतो तेवा घरात तरी लवकर येय होतो.”

हसलो आम्ही. पण त्या माणसानं मला एक शिकवलं. भीती वाटायला कारण लागतंच असं नाही, ग्रंथी पुरते. मग याच्या उलटही असेल का? संकट येईल आणि अंगाला त्याला पुरून उरणं जमणार नाही, असं? ते मला शालनबाईंनी दाखवलं.

शालन ही प्राथमिक शाळेतली शिक्षिका. सासर वालावलच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात, शाळा आमच्या मालवण तालुक्यात, नवरा रमाकांत कुडाळला कचेरीत. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. उन्हाळ्यात कसल्याशा सरकारी सर्व्हेसाठी घरोघर हिंडून ती काळवंडली होती. रोडावली होती, सकाळी ओकाऱ्या व्हायच्या, वर्गात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिला घेऊन आल्या होत्या तिच्या सासूबाई, सुमतीकाकी. काकी म्हणजे लहानखुरी, ताठ, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी, आणि बोलणं असं की समोरच्यानं फक्त मान हलवायची. मालवण त्यांचं माहेर. म्हणून डॉक्टरही मालवणचाच.

मी तपासायच्या आधीच काकी सांगू लागल्या. “उन्हान काळी पडली ती पडली, पण हावरी झाली हा. खारातले आंबे हिका पुरणत नाय. आगळाची बाटली वर्षाची म्हणान भरललंय, तोंडाक लावन पिता! आगळ कोण पिता डॉक्टरानू? माणूस काय मासो सुकत घालूचो आसा?”

आगळ म्हणजे कोकमाचा मिठात मुरवलेला दाट रस. सोलकढीत चमचाभर घालायचा. तो कुणी तोंडाला लावत नाही. शालन मान खाली घालून बसली होती, चोरी पकडल्यासारखी.

मिठाचं नाव निघताच मी सावध झालो. मी तिचे तळहात पाहिले. उन्हानं माणूस काळवंडतं, पण तळहाताच्या रेघा काळ्या होत नाहीत. हिरड्यांना ऊन लागत नाही. तिच्या हिरड्यांवर शाई सांडावी तसे डाग होते. मी तिला आडवं करून रक्तदाब घेतला, उभं करून घेतला. उभं राहताच तो इतका घसरला की मीच तिचा दंड धरला. मग रक्त बाहेरगावी पाठवलं. अ‍ॅड्रिनलची साल निकामी झाली होती. तिच्याच शरीरातल्या रक्षक पेशींनी ती साल परकी समजून खाऊन टाकली होती. अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून चाललं होतं आणि ही बाई कुणी न सांगता, सासूची बोलणी खात, आगळ पिऊन ते भरून काढत होती.

काळेपणाचं कोडंही सांगतो. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी लोंबते. बाकीच्या ग्रंथींवर तिची देखरेख असते. अ‍ॅड्रिनलनं काम थांबवलं की ती हाका मारू लागते. उत्तर येत नाही तशी आणखी मोठ्यानं मारते. त्या हाकेचाच परिणाम कातडीवर होतो, कातडी काळी पडते. शालनच्या अंगावर जो रंग चढला होता तो उन्हाचा नव्हता, त्या हाकांचा होता.

उपाय सोपा आहे, म्हणूनच भीतीदायक आहे. जे अंगात तयार होत नाही ते गोळीनं द्यायचं, सकाळी आणि दुपारी, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. गोळी ओकून पडली तर लगेच इंजेक्शन. एकदम बंद केली तर माणूस हातचं जातं. हे मी शालन, रमाकांत आणि काकी, तिघांना बसवून सांगितलं, पुन्हा सांगितलं, त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. काकी म्हणाल्या, “समाजला, समाजला. भियाडता कित्याक पोरीक?” शालन महिन्याभरात उजळली. शाळेत जाऊ लागली. येताना मला घरचे काजू आणायची.

आता त्या दुपारकडे येतो. पुढच्या वर्षीचा श्रावण. मालवणचा बाजार करून काकी दवाखान्यात आल्या. पिशवीतनं भाजीखालून त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. गोळ्यांची पाकिटं होती. न फोडलेली.

“ह्यो घेवा. आमका आता नको. खंयच्या गरिबाक लागले तर देवा, फुकट जावक नको.”

चांगल्या मनानं, हसऱ्या तोंडानं आणून दिल्या होत्या त्यांनी. मी विचारलं, “कधीपासून?” 

“झाले चारपाच दिवस. चेडवाक दिवस गेले हत. तिसरो म्हयनो. अजून कोणाक सांगूक नाय आमी.”

चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे शालन. आमच्याकडे तीन महिने भरेपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर बोलत नाहीत. डॉक्टरलाही सांगत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. कुणीतरी शालनला सांगितलं होतं की या गोळ्या स्टिरॉइड आहेत, पोटातल्या मुलाला बाधतात. एवढ्या वर्षांनी दिवस गेलेले. ती घाबरली. सासू तिच्याहून घाबरली. दोघींनी मला न विचारता ज्याला विचारायचं त्याला विचारलं. गावदेवीला कौल लावला. देवीच्या अंगावर फुलाची ओली पाकळी चिकटवायची, गुरवानं प्रश्न मांडायचा, पाकळी उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. गोळ्या बंद करू का? उजवी पडली. मूल सुखरूप व्हावं म्हणून शालननं अळणी खायचं व्रत धरू का? तीही उजवी पडली.

मी काकींना विचारलं, “अळणी म्हणजे मीठ बिलकूल नाही?”

“खडो नाय. आगळाक तर हात लावक नाय तिणा.” सुनेचं मोठं कौतुक होतं त्या आवाजात.

मी दवाखान्यात बसलेल्या पेशंटांना उठवलं, कुलूप लावलं, बॅग घेतली आणि काकींना गाडीत घातलं. चौके गेलं, धामापूर गेलं. रमाकांतचा फोन लागत नव्हता. काकी मांडीवर पिशवी धरून माझ्याकडे बघत होत्या. “डॉक्टरानू, वेडे झालास काय? ती बरी आसा. जरा वकता, तिसऱ्या म्हयन्यात वकतंच माणूस.”

ओकते आहे. मी मनात म्हटलं, ओकते आहे, मीठ नाही, गोळी नाही, आणि पोटात जीव. मी गाडी चालवता चालवता त्यांना सगळं सांगत सुटलो. ती गोळी म्हणजे औषध नव्हे. तुमच्या माझ्या अंगात जे रोज आपोआप होतं तेच आहे ते. ती बंद केली म्हणजे विहीर बुजवली. मूल त्या गोळीनं नाही जायचं, ती नसली तर दोघं जातील. नेरूरपारचा पूल ओलांडला तेव्हा काकींनी खाडीकडे बघत विचारलं, “मगे ती आगळ पिय होती, ती जगूक म्हणान पिय होती?”

मी होय म्हटलं.

शालन माजघरात चटईवर पडली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, हाक मारली तर ‘हं’ म्हणायची आणि पुन्हा बुडायची. मनगटाला नाडी लागेना. रक्तदाबाचा आवाज मला ऐकूच येईना, माझ्याच छातीचा आवाज कानात भरला होता. शिरा पाणी आटून बसलेल्या. खोटं कशाला सांगू? मी तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा सुई शिरेत गेली. इंजेक्शन दिलं. सलाइन टांगायला काही नव्हतं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी माटवी टांगतात तिची कडी वर वाशाला होती. काकींनी स्टुलावर चढून बाटली त्या कडीला बांधली, आपल्याच पदराची किनार फाडून.

मग वाट बघणं. या इंजेक्शनाची एक गंमत आहे, निदान बरोबर असेल तर त्याचा गुण फार लवकर दिसतो. पण तेवढा वेळ मी काय काय बघून घेतलं ते माझं मला माहीत. तिच्या शाळेतली मुलं बघितली, रमाकांतला काय तोंड दाखवू ते बघितलं. काकी तिच्या पायाशी बसून तळपाय चोळत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

दुसरी बाटली लावली तेव्हा शालननं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून म्हणाली, “सर, तुम्ही इथे?” मास्तरणी माणूस, अर्धवट शुद्धीतही माझ्याशी शुद्ध बोलत होती. मी उठून पडवीत गेलो आणि खांबाला धरून उभा राहिलो. तिला पुढे सरकारी रुग्णालयात नेलं. मूल शाबूत होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ती घरी आली त्या दिवशी काकींचा फोन. “डॉक्टरानू, ती गोळये घेता. पण देवीन नको म्हटलला हा. तां मोडूचां तर परत ईचारूक व्हयां. तुमी येवा.”

दुसरा कुणी डॉक्टर असता तर फोनवरच कडाडला असता. मला ती छाती नव्हती. शिवाय मला वाटलं, कडाडलो तर मला हो म्हणतील आणि माझ्यामागे पुन्हा बंद करतील. म्हणून गेलो. शालननं सकाळची गोळी घेतली होती, दुपारची घ्यायची होती. त्याच गोळ्यांचं पाकीट काकींनी देवळात देवीपुढे केळीच्या पानावर ठेवलं. गुरवानं पाकळी लावली आणि गाऱ्हाणं घातलं. “आई माउले, ही तुजी लेकरां आज तुज्या पायाकडे इली हत. डॉक्टराचा औषध ह्या चेडवान घेवचां काय नाय, काय तो उजवो-डावो कौल देवन समजाव गे माउले!” काकी म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.” मीही म्हटलं.

मी आयुष्यात पुष्कळ रिपोर्टांची वाट पाहिली आहे, पण त्या पाकळीसारखी कशाचीच नाही. तांबडी जास्वंदीची पाकळी, देवीच्या खांद्याशी चिकटलेली. वरचं टोक सुटलं होतं, खालचं सुटत नव्हतं. डावी पडली तर काय करायचं ते मी घरून ठरवून आलो होतो आणि तिथे उभं राहिल्यावर सगळं विसरलो. दोन जीव त्या टोकाला लटकले होते, आणि माझं शिक्षण तिथे काही कामाचं नव्हतं. पाकळी हलेना. गुरवानं पुन्हा हाक घातली. हलेना.

एकदम काकी उठल्या. पुढे झाल्या, पानावरचं पाकीट उचललं आणि ओच्यात खोचलं.

“दुपारची गोळी चुकता तिची. चला.”

गुरव म्हणाला, “काकी, अजून कौल जावक नाय.”

“तुजो जावंदे सावकाशीन. माका घाय आसा.”

मी जवळजवळ पळतच बाहेर आलो. मागे वळून पाहिलं नाही. डावी पडताना मला बघायची नव्हती. काकी उंबऱ्याशी नमस्काराला थांबल्या होत्या. मी गाडी सुरू करून बसलो. मग त्या आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “जरा बेगीन घे.” मला पहिल्यांदाच त्यांनी एकेरी हाक मारली होती, ते त्यांच्या सुटकेच्या आनंदातून आलं असं मी धरलं.

बाळंतपण म्हणजे अंगावरचं मोठं संकट, तेव्हा नेहमीच्या गोळीनं भागत नाही, इंजेक्शनं द्यावी लागतात. त्या दिवशी मी रुग्णालयातल्या डॉक्टरांना इतके फोन केले की शेवटी त्यांनी घेणं बंद केलं. मुलगी झाली. आता ती शाळेत जाते, आईसारखी शुद्ध बोलते, आणि आईच्या गोळ्यांच्या वेळा आईपेक्षा तिला पाठ आहेत.

पुढे काकींचा रक्तदाब वाढला. मी मीठ कमी करायला सांगितलं, लघवी साफ होण्याची गोळी दिली. सगळे पेशंट ‘होय’ म्हणतात आणि घरी जाऊन सुका बांगडा भाजतात. काकी एकट्या खरोखर पाळतात असं शालन सांगायची. “सर, त्या अळणी पेज जेवतात, पापडसुद्धा घेत नाहीत.” मी दवाखान्यात चार लोकांपुढे काकींचं नाव घ्यायचो. म्हणायचो, माझी सगळ्यात शहाणी पेशंट. काकी पिशवी उचलून बाहेर पडायच्या.

मग त्यांचा तोल जाऊ लागला. नातीला शालन म्हणायच्या, शालनला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. रक्त तपासलं तर अंगातलं मीठ धोक्याच्या खाली. मी लघवीची गोळी बंद केली, पथ्य बंद केलं, आता मीठ खायला लागा म्हणून बजावलं. पुन्हा तपासलं, तरी तेच. शालन रडकुंडीला आली होती. “काही केल्या खात नाहीत, सर. ताटात मीठ वाढलं तर ताट सरकवतात.”

तोपर्यंत माझा दवाखाना बंद झाला होता. मी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. शालन शाळेत, नात शाळेत, रमाकांत कचेरीत. काकी पडवीत बसल्या होत्या, समोर पेजेची वाटी. त्या दिवशी डोकं थाऱ्यावर होतं. मी म्हटलं, “काकी, माझ्यावर राग आहे का? मीच सांगितलं होतं मीठ सोडा, मीच सांगतोय खा.”

त्या म्हणाल्या, “तू सांगलंस म्हणान सोडूक नाय मी. तुज्या आदी सोडललंय. माजी पेज मीच येगळी काढी होतंय, घरात कोणाक कळाक नाय.”

“कधी?”

त्यांनी समोरची वाटी जरा बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तू गाडीकडे गेलंस. मी उंबऱ्याकडे रवलंय. पाकळी पडली ती मी बघलंय.” आणि त्यांनी आपला डावा हात उचलून दाखवला.

माझ्या तोंडाला कोरड पडली. इतक्या वर्षांनी, भर सकाळी, ती पोर जन्मून शाळेत गेलेली असताना.

“मगे मी देवीक सांगलंय, तिका गोळये देतलंय मी. पोराक हात लावू नको. तिचां अळणी माज्याकडसून घे.”

शालनला दुपारची गोळी देताना, बाळंतपणात, मुलीच्या प्रत्येक तापाला ही बाई घरात एकटी काय घेऊन बसली असेल, ते मला तेव्हा कळलं. भित्रा मी, आणि भीती सगळी यांनी सोसली होती. माझी भीती फोन करून हलकी व्हायची. त्यांची कुणाला सांगायचीही सोय नव्हती. काकी आता नाहीत, म्हणून लिहितोय. शालनला मी हे सांगितलेलं नाही. हा अंक तिच्या शाळेत जातो, तिथे ती वाचेल.

मी सोडियमचे आकडे सांगून काही होणार नव्हतं. मी म्हटलं, “काकी, मी गाऱ्हाणं घालतो. तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणा.”

“तू? तुका येता?”

“येता तसां घालतंय.”

मी उठलो, देवळाच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले. देवावर माझा म्हणावा तसा विश्वास नाही. पण त्या क्षणी मला देवीची भीती वाटली. मी म्हटलं, “आई माउले, ह्या म्हातारेन तुका इतकी वर्सां अळणी घातला. चेडू वाढला, शाळेत जाता. आता तिका मोकळी कर गे माउले, आणि काय चुकला आसात तर तां माज्या पदरात घाल.”

मला वळून बघवेना. मग मागून अगदी बारीक आवाजात आलं, “व्हय म्हाराजा.”

मी आत जाऊन शालनच्या मडक्यातनं जाडं मीठ आणलं, चिमूटभर पेजेत टाकलं, ढवळलं. काकींनी वाटी दोन्ही हातांनी धरली. एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

“बरां लागता रे,” त्या म्हणाल्या. “मी विसरललंय.”